चार दातांची बेरीज 33 मिलिमीटर, म्हणून जबडा अरुंद? एक प्रकरण अभ्यास

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली ही मुलगी. वय 13 वर्षं, तब्येत उत्तम, सगळे दुधाचे दात पडून गेलेले. तक्रार एकच होती: वरचा डावा सुळा हिरडीत उंचावर, ओठाच्या बाजूला आलेला, आणि हसताना तोच आधी दिसतो. उजवा सुळाही शेजारच्या दातावर अर्धा चढलेला होता. खालचे पटाशीचे दात एकमेकांच्या मागेपुढे दाटले होते. येताना घरच्यांनी आधीच्या एका तपासणीचा कागद आणला होता. त्यावर पोंटचा निर्देशांक (दातांच्या रुंदीवरून कमानीची ‘योग्य’ रुंदी सांगणारं सूत्र) काढून निष्कर्ष लिहिला होता: वरची दंतकमान जवळपास पाच मिलिमीटर अरुंद, टाळूत स्क्रू बसवून रुंद करावी, दात काढण्याची गरज नाही.

हा शेवटचा भाग घरच्यांना फार आवडला होता, आणि ते स्वाभाविक आहे. आजींनी मला सरळ विचारलं, “डॉक्टरबाई, न किडलेला दात कशाला उपटायचा?” हा प्रश्न मी नेहमी गांभीर्याने घेते. निरोगी दात काढण्याआधी उत्तर द्यायची जबाबदारी डॉक्टरवर असते, आणि ते उत्तर आकड्यांतूनच द्यावं लागतं. इथे तर आकडाच उलट बाजूने उभा होता. म्हणून आधी तो आकडा तपासायला घेतला.

पोंटचा हिशेब

पोंट या फ्रेंच दंतवैद्यांनी 1909 मध्ये मांडलेली कल्पना अशी: वरच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज घ्या. तिला 100 ने गुणून 80 ने भागलं की पहिल्या उपदाढांमधलं ‘योग्य’ अंतर मिळतं. 64 ने भागलं की पहिल्या मोठ्या दाढांमधलं. प्रत्यक्ष मोजलेलं अंतर त्याहून कमी भरलं तर कमान अरुंद समजायची आणि रुंद करायला वाव आहे असं म्हणायचं.

या मुलीचे चार दात प्लास्टरच्या मॉडेलवर कॅलिपरने मोजले: 9.1, 9.0, 7.5 आणि 7.4. बेरीज 33.0. म्हणजे उपदाढांमध्ये 41.25 आणि दाढांमध्ये 51.6 मिलिमीटर अंतर हवं. प्रत्यक्षात भरलं 36.5 आणि 47.0. तूट अनुक्रमे 4.75 आणि 4.6. आधीच्या कागदावरची वजाबाकी चोख होती.

पण याच पद्धतीची लिंडर-हार्ट यांनी केलेली सुधारित आवृत्ती 80 ऐवजी 85 आणि 64 ऐवजी 65 हे भाजक वापरते. ती लावली की उपदाढांचं ‘योग्य’ अंतर 38.8 होतं आणि तूट 4.75 वरून 2.3 वर येते. मुलगी तीच, मॉडेल तेच, दातही तेच. भाजक बदलताच निम्मी अरुंदी नाहीशी झाली. एवढ्या नाजूक आकड्यावर 13 वर्षांच्या मुलीच्या जबड्याचा निर्णय टाकणं मला पटत नाही.

मोजण्यातलाही एक धोका इथे होता. पोंटच्या मापात उपदाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खाचेचं मागचं टोक धरतात. हिची डावी पहिली उपदाढ फिरलेली होती. दात फिरला की ते टोकही सरकतं, आणि जबडा तेवढाच राहून माप कमीजास्त दिसतं. बेरजांमध्ये चूक आणखी साचते: दहा दात मोजताना प्रत्येकी दशांश मिलिमीटर एकाच दिशेने चुकला तरी शेवटी पूर्ण मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे मी मोजमापं काही दिवसांच्या अंतराने, आधीचे आकडे समोर न ठेवता पुन्हा घेते. इथे दोन्ही वेळची मापं जुळली.

संबंध असणं वेगळं, भाकीत करता येणं वेगळं

रुंद दातांच्या माणसाची कमानही थोडी रुंद असते, हे सरासरीने खरं आहे. पण हा संबंध ढिला आहे. वेगवेगळ्या लोकसमूहांवर झालेल्या अभ्यासांत दातांची बेरीज आणि कमानीची रुंदी यांतला सहसंबंध बहुतेक वेळा कमी ते मध्यम निघालेला आहे, आणि पोंटचं सूत्र रुंदी वाढवून सांगतं असंही अनेकांना दिसलं आहे.

आईंना मी हे उदाहरणाने समजावलं. समजा सहसंबंध 0.4 आहे (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). त्याचा वर्ग 0.16. म्हणजे माणसामाणसांत कमानीच्या रुंदीचा जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम सहावा हिस्सा दातांच्या आकाराशी जोडता येतो. उरलेला हाड, स्नायू, जीभ, श्वास घेण्याची सवय, आनुवंशिकता अशा इतर गोष्टींचा. आता दाढांमधल्या अंतराचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून साधारण किती दूर असतात ते, 2.5 मिलिमीटर धरा. दातांची बेरीज माहीत झाल्यावर ते 2.3 वर येतं. एवढाच फायदा. एका व्यक्तीसाठी भाकीत करायचं तर दोन्ही बाजूंना साडेचार मिलिमीटरची मोकळीक ठेवावी लागते. हिची ‘तूट’ 4.6 होती. म्हणजे पूर्णपणे निरोगी, रुंदीला पुरेशी कमान असलेल्या माणसातही एवढा फरक दिसू शकतो.

याहून मूलभूत आक्षेप मला दुसरा वाटतो. गुणोत्तरात दोन पदं असतात. पोंटचं सूत्र दातांना प्रमाण मानतं आणि सगळी तूट कमानीच्या नावावर टाकतं. पण दात मोठे असले तरी हीच तूट दिसेल. हिच्या मधल्या दातांची रुंदी 9 मिलिमीटर किंवा किंचित जास्त आहे, सुळे 8 मिलिमीटरचे आहेत. मग कमी काय पडतंय: कमान, की तिच्यात बसायला आलेले दात जास्त रुंद आहेत? पोंटचा निर्देशांक हा प्रश्न विचारतच नाही.

जबड्याकडे थेट पाहिल्यावर

त्यासाठी कमानीची मापं दातांपासून सुटी करून घ्यावी लागतात. मॅकनमारा यांनी सुचवलेलं साधं माप म्हणजे पहिल्या मोठ्या दाढांच्या टाळूकडच्या बाजूंमधलं, हिरडीलगतचं अंतर. मोठ्या माणसात ते 35 ते 39 मिलिमीटर असेल तर सरासरी आकाराचे दात सामावायला हाडाचा पाया पुरेसा समजतात. या मुलीचं अंतर 35.5 भरलं. टाळू उंच नव्हता, एकाही बाजूला उलटा चावा (वरचे दात खालच्या दातांच्या आत बसणं) नव्हता, तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घेत होती. टाळू अरुंद असल्याची एकही खूण नव्हती.

अ‍ॅशले हाउज यांनी 1947 मध्ये मांडलेली पद्धत हाडाच्या पायाकडे आणखी नीट पाहते. सुळ्याच्या मागे, उपदाढेच्या मुळांच्या टोकांजवळ हाडात जो खोलगट भाग लागतो, तिथे दोन्ही बाजूंमधलं अंतर घ्यायचं. ते 38.5 भरलं. एका पहिल्या दाढेपासून दुसऱ्या पहिल्या दाढेपर्यंतच्या बारा दातांची एकूण रुंदी 98.6. गुणोत्तर 39 टक्के. हाउज यांच्या मते 44 टक्के असेल तर पाया भरपूर, 37 च्या खाली गेलं तर दात काढणं जवळपास अटळ. मधला पट्टा सीमारेषेचा. पण त्यांची आणखी एक कसोटी आहे. उपदाढांच्या गालाकडच्या टोकांमधलं अंतर हाडाच्या पायाहून जास्त असेल, तर दात आधीच पायाबाहेर झुकलेले आहेत आणि त्यांना आणखी बाहेर ढकलू नये. इथे ते अंतर 42.0 होतं.

यावर जाणकार वाचक म्हणेल: टाळूच्या मधली शिवण उघडणारा स्क्रू लावला तर पायाच रुंदावतो, मग हाउज यांचा आक्षेप उरत नाही. बरोबर. 13 व्या वर्षी ती शिवण उघडण्याची शक्यताही चांगली असते. अडचण खालच्या जबड्यात आहे. त्याची मधली शिवण जन्मानंतर पहिल्याच वर्षात जुळून जाते. तिथे उघडायला काही उरत नाही. वरची कमान पाच मिलिमीटर रुंद केली आणि खालची तशीच राहिली, तर आज नीट बसणारा दाढांचा चावा बिघडेल. तो जुळवायला खालच्या दाढा बाहेर झुकवाव्या लागतील आणि खालच्या सुळ्यांमधलं अंतर वाढवावं लागेल. कायमचे सुळे आल्यानंतर हे अंतर सहसा वाढत नाही. उपचाराने जबरदस्तीने वाढवलं तर रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) सुटल्यावर ते परत आकसतं, हे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यातून पक्कं झालेलं निरीक्षण आहे. हिच्या खालच्या सुळ्यांमधलं अंतर 25.2 मिलिमीटर होतं. माझ्या आराखड्यात हा आकडा खुंटा होता. बाकी सगळी कमान त्याच्याशी बांधायची होती.

जागेचा जमाखर्च

एका बाजूच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या कडेपर्यंत, कमानीच्या वळणावर पितळी तार ठेवून उपलब्ध जागा मोजतात. वर ती 70.5 होती, त्यात बसायच्या दहा दातांची रुंदी 78.0. तूट 7.5. खाली जागा 61.0, दात 67.2, तूट 6.2, शिवाय खालच्या दातांची रेघ खोलगट होती, ती सपाट करायला मी आणखी साधारण एक मिलिमीटर धरला. कॅरी यांच्या पद्धतीत अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट दातांच्या कडा किंचित घासून भागते, अडीच ते पाचमध्ये दुसऱ्या उपदाढा काढण्याचा विचार होतो आणि पाचच्या पुढे पहिल्या उपदाढांचा.

आता स्क्रूचा मार्ग याच जमाखर्चात मांडून पाहू. झपाट्याने रुंदीकरण केल्यावर उपदाढांमध्ये जेवढी रुंदी वाढते, तिच्या साधारण 0.7 पट जागा कमानीच्या परिघावर मिळते, असं 1990 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं होतं. पोंटचा पूर्ण शब्द पाळून 4.75 मिलिमीटर रुंदी वाढवली तरी जागा मिळेल सुमारे 3.3. गरज 7.5 ची. सव्वाचार मिलिमीटरची दाटी तशीच राहील आणि खालच्या जबड्याचं काहीच सुटणार नाही. आजीही हे आकडे कागदावर बघत होत्या. त्यांचा विरोध इथेच मावळला.

पटाशीचे दात पुढे ढकलून जागा करणं हा तिसरा मार्ग. एक मिलिमीटर पुढे नेलं की कमानीत साधारण दोन मिलिमीटर मिळतात, त्यामुळे तो मोहात पाडतो. पण सेफलोग्राममध्ये (डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये) खालचे दात आधीच पुढे झुकलेले दिसत होते: जबड्याच्या खालच्या रेषेशी त्यांचा कोन 99 अंश. जबड्यांचा आपसातला संबंध चांगला होता (वरचा जबडा खालच्याच्या किती पुढे आहे ते सांगणारा एएनबी कोन 3 अंश), दाढा पहिल्या वर्गात, म्हणजे एकमेकांवर नीट बसलेल्या, होत्या. खालचा ओठ नाक-हनुवटीच्या रेषेच्या 2.5 मिलिमीटर पुढे होता आणि तोंड मिटताना हनुवटीवर ताण दिसत होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. खालच्या दातांच्या या कोनासाठी ऑर्थोडॉन्टिस्ट ट्वीड यांनी मांडलेला 90 अंशांचा आदर्श अमेरिकी गोऱ्या रुग्णांवरून आलेला आहे. आपल्याकडे पटाशीचे दात आणि ओठ थोडे पुढे असणं सर्वसामान्य आहे आणि ते चेहऱ्याला शोभतंही. त्यामुळे 99 चे 90 करायचे नव्हते. 94-95 वर थांबायचं ठरवलं. पुस्तकातल्या आकड्यासाठी तिचा चेहरा चपटा करण्यात काहीच अर्थ नव्हता.

वरचे आणि खालचे दात एकमेकांना जुळतात का, हे बोल्टन यांच्या 1958 च्या गुणोत्तरांनी पाहिलं. त्यांनी उत्तम चाव्याच्या 55 प्रकरणांवरून खालच्या आणि वरच्या दातांच्या रुंदीचं प्रमाण काढलं होतं: पुढच्या सहा दातांसाठी सरासरी 77.2 टक्के, बारा दातांसाठी 91.3. या मुलीची गुणोत्तरं 77.1 आणि 90.9 आली. दात मोठे खरे, पण वर-खाली सारख्याच प्रमाणात मोठे. त्यामुळे कुठे कडा घासून किंवा आकार वाढवून जुळवाजुळव करायची गरज नव्हती. बोल्टन यांचं गुणोत्तर मला पोंटपेक्षा कितीतरी विश्वासाचं वाटतं, कारण त्यात दाताची तुलना दाताशीच होते, आणि ते दात चावताना खरोखर एकमेकांवर बसणार असतात.

निर्णय आणि उपचार

चारही पहिल्या उपदाढा काढायचं ठरलं. वर 14.8 मिलिमीटर जागा मिळणार होती. 7.5 दाटीला, पुढचे दात दोन मिलिमीटर मागे घ्यायला साधारण 4, उरलेल्यात दोन्ही बाजूंच्या दाढा दीड-पावणेदोन मिलिमीटर पुढे येणार. खाली 15.0 मिळणार; त्यातून 6.2 दाटीला, रेघ सपाट करायला एक, दात मागे घ्यायला 4, आणि दाढा दोनच्या आत पुढे. दोन्हीकडे दाढा जवळपास सारख्याच सरकत असल्याने पहिला वर्ग टिकणार होता. दुसऱ्या उपदाढांचाही विचार केला होता, पण उंच सुळ्यांना उतरायला जागा त्यांच्या अगदी शेजारीच हवी होती आणि ओठांचा ताणही कमी करायचा होता.

मुलीची एकच अट होती: नवरात्रीच्या गरब्याआधी दात काढायचे नाहीत. वडोदऱ्यात ही अट मोडायची कोणाची हिंमत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी उपचारात काहीच बिघडत नव्हतं. दसरा झाल्यावर दोन भेटींत उपदाढा काढल्या. दातांवर ब्रॅकेट (तार धरणारे छोटे तुकडे) लावल्यावर पहिल्यांदा मऊ निकेल-टायटॅनियमची तार, टाळूत दाढांना जोडणारी कमानतार, आणि सुळे मागे बांधून ठेवणारी बारीक तार. प्रत्येक जाड तार मी तिच्याच खालच्या मॉडेलवर ठेवून आकार दिला. तयार तारांचा आकार सरासरी जबड्याचा असतो, आणि त्या निमूटपणे सुळ्यांमधलं अंतर वाढवत जातात. सगळा हिशेब कागदावर नीट करून शेवटी तारेनेच कमान रुंद करायची, हे मला चालत नाही.

ब्रॅकेट दोनदा सुटले: एकदा सेवउसळीवरच्या जाड सेवेने, दुसऱ्यांदा उत्तरायणात गच्चीवर ऊस खाताना. वडोदऱ्यातल्या प्रत्येक रुग्णाला या दोन गोष्टी नाव घेऊन सांगाव्या लागतात.

उपचार सुमारे 22 महिने चालला. शेवटी खालच्या दातांचा कोन 94 अंशांवर आला, खालचा ओठ रेषेच्या अर्धा मिलिमीटर पुढे, तोंड ताण न पडता मिटू लागलं. दोन्ही सुळे रांगेत बसले. उपदाढा गेल्यावर बोल्टन यांचं एकूण गुणोत्तर 89.0 झालं, चार उपदाढा काढलेल्या चाव्यात ते 87 ते 89 असावं, असं त्यांनीच सांगितलेलं आहे.

रुंदीची मापं मात्र मुद्दाम देते. खालच्या सुळ्यांमधलं अंतर 25.2 वरून 26.0 झालं, सुळा मागे सरकला की तो कमानीच्या किंचित रुंद भागात येतो, त्यामुळे एवढी वाढ अपेक्षित असते. वरच्या दाढांमधलं अंतर 47.0 वरून 45.9 वर आलं, कारण दाढा पुढे, निमुळत्या भागाकडे सरकल्या. म्हणजे पोंटच्या हिशेबाने दाढांमधली ‘तूट’ 4.6 वरून 5.7 झाली. चावा नीट, दात रांगेत, चेहरा शांत, आणि निर्देशांकाच्या लेखी प्रकरण आधीपेक्षा बिघडलेलं.

खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतून चिकटवलेला रिटेनर आहे, वर रात्री घालायचा. दर वर्षी खालच्या सुळ्यांमधलं अंतर आणि पुढच्या दातांची अनियमितता मोजायची आहे. अक्कलदाढांसाठी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास.

धाकटा भाऊ

उपचार संपत आले तेव्हा आई तिच्या 9 वर्षांच्या भावाला घेऊन आल्या. त्याच्या वरच्या चार दातांची बेरीज 31.0, म्हणजे बहिणीपेक्षा लहान दात. पण टाळूकडचं अंतर फक्त 29.5, उजव्या बाजूला उलटा चावा, आणि तोंड मिटताना खालचा जबडा उजवीकडे सरकत होता. पोंटचा निर्देशांक इथेही ‘रुंद करा’ म्हणतो. मी रुंदीकरणच सुचवलं, मात्र उलट्या चाव्यामुळे आणि सरकणाऱ्या जबड्यामुळे. हे दोन्ही वाढीच्या वयात दुरुस्त केले नाहीत तर जबडा तिरका वाढू शकतो. “तिचे दात काढले आणि याचे नाही, असं का?” हा आईंचा प्रश्न रास्त होता, आणि दोघांची मॉडेल टेबलावर शेजारी ठेवल्यावर त्यांना उत्तर स्वतःच दिसलं.

स्क्रूची चावी फिरवायचं काम आजींनी मागून घेतलं. चावी एका वेळी पाव फेरा फिरवली की साधारण पाव मिलिमीटर. वरच्या दाढांची टाळूकडची टोकं खालच्या दाढांच्या गालाकडच्या टोकांवर टेकेपर्यंत फिरवायचं, मग थांबून स्क्रू तसाच काही महिने तोंडात ठेवायचा, कारण उघडलेल्या शिवणीत नवीन हाड भरायला तेवढा वेळ लागतो.